अपवाद हाताळणी आणि कंपायलरचे बांधलेले हात

संगणकाची आज्ञावली चालू असताना एखाद्या संख्येला शून्याने भागण्याची वेळ येते, हवी तेवढी मेमरी मिळत नाही किंवा शंभर घरांच्या यादीत एकशे एकावे घर मागितले जाते. अशा प्रसंगी नेहमीचा क्रम सोडून निराळ्या वाटेने जाण्याची जी सोय प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये असते, तिला अपवाद हाताळणी म्हणतात. पीएल-वन या भाषेत १९६०च्या दशकातच तिचे एक रूप होते. जॉन गुडइनफ यांनी १९७५ साली या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. पुढे एडा, सी प्लस प्लस आणि जावा या भाषांमध्ये ही सोय रुळली. प्रोग्रॅमरला ती सोयीची वाटते. कंपायलरला मात्र ती अडचणीत टाकते.

लिहिलेली आज्ञावली प्रोसेसरच्या भाषेत आणणारा कंपायलर हा केवळ दुभाषा नसतो. तो कामांचा क्रम बदलतो, वारंवार होणारी आकडेमोड एकदाच करतो, मेमरीत ठेवायची किंमत शक्यतो रजिस्टरमध्येच सांभाळतो. अट एकच, बाहेरून पाहता फलित तेच राहिले पाहिजे. अपवादाची शक्यता आली की ही अट फार कडक होते. ज्या क्षणी अपवाद उद्भवेल, त्या क्षणी आधीची सर्व कामे झालेली आणि नंतरचे एकही न झालेले, असेच चित्र अपवाद हाताळणाऱ्या भागाला दिसावे लागते.

जावामध्ये हा नियम विशेष काटेकोर आहे. समजा, एका यादीतील प्रत्येक घरात क्रमाने १ हा आकडा भरायचा आहे. यादी ५०० घरांची आहे, लूप मात्र चुकून १००० फेऱ्यांचा लिहिला गेला आहे. दर फेरीला घराचा क्रमांक मर्यादेत आहे की नाही, हे तपासणे बंधनकारक असते. ही तपासणी लूप सुरू होण्यापूर्वी एकदाच उरकली तर वेळ वाचेल. पण तसे केल्यास अपवाद आरंभीच उद्भवेल आणि ५०० घरे जशीच्या तशी राहतील. नियमानुसार ती भरलेली असली पाहिजेत. यावर जावाच्या हॉटस्पॉट या यंत्रणेतील कंपायलर एक तोड काढतो. तो लूपचे आरंभीचा, मधला आणि अखेरचा असे तीन तुकडे पाडतो. मधल्या तुकड्यात क्रमांक मर्यादेबाहेर जाणार नाही, याची खात्री आधीच करून घेतलेली असल्याने तेथील तपासणी गळते. वेग मिळतो, पण कोड फुगतो.

सी प्लस प्लसची गोष्ट थोडी वेगळी आहे. जुन्या पद्धतीत संरक्षित भागात शिरताना दर वेळी नोंद करावी लागे. अपवाद उद्भवो वा न उद्भवो, तिची किंमत द्यावीच लागे. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत या नोंदी स्वतंत्र तक्त्यांत असतात आणि नेहमीच्या वाटेवर त्यासाठी एकही जादा आज्ञा लागत नाही. या पद्धतीला ‘शून्य खर्चाची’ म्हणतात. हे नाव अर्धेच खरे आहे. समजा, एका जागी एक किंमत लिहिली, मग एक फंक्शन बोलावले आणि ते परतल्यावर त्याच जागी दुसरी किंमत लिहिली. त्या फंक्शनला ती जागा दिसतच नसेल, तर पहिले लिखाण वाया गेलेले असते आणि कंपायलर ते सहज पुसून टाकतो. परंतु फंक्शन अपवाद फेकू शकत असेल आणि हाताळणारा भाग ती जागा वाचत असेल, तर ते लिखाण ठेवावेच लागते. एलएलव्हीएममध्ये तर अशा बोलावण्यासाठी वेगळी आज्ञाच आहे. तिला दोन वाटा फुटतात आणि कोडचा सलग तुकडा तेथेच संपतो.

२०११च्या प्रमाणित आवृत्तीत ‘नोएक्सेप्ट’ हा शब्द आला तो अशा अडचणींवर उपाय म्हणून. हे फंक्शन अपवाद बाहेर जाऊ देणार नाही, असे वचन त्यातून दिले जाते. वाढत्या ‘व्हेक्टर’मधील घटक नव्या जागी हलवताना मध्येच अपवाद आला, तर जुना संच मोडतो आणि नवाही अपुरा राहतो. म्हणून असे वचन नसल्यास, आणि नक्कल शक्य असल्यास, प्रत्येक घटकाची नक्कल केली जाते. एका शब्दावाचून हा सारा खटाटोप! वचन मोडले तर मात्र आज्ञावली तेथल्या तेथे बंद पडते.

यंत्राच्या निकटच्या कोडमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे साधा भागाकार किंवा मेमरीचे वाचनही अपवादाचे कारण ठरू शकते. १९९२ साली आलेल्या डीईसी अल्फा प्रोसेसरमध्ये वेगासाठी आकडेमोडीतील अपवाद नेमक्या आज्ञेवर न कळवण्याची मुभा घेतलेली होती. ज्याला नेमकी जागा हवी, त्याने अडथळ्याची खास आज्ञा पेरावी आणि वेग गमवावा, असा तो सौदा होता.

असाच हिशेब एकदा फार महाग पडला. तेथे प्रश्न कंपायलरचा नव्हता, प्रोसेसरच्या वेळाचा होता. एरियन-४ साठी एडा भाषेत लिहिलेल्या दिशादर्शक आज्ञावलीत सात किमतींच्या रूपांतरात अपवादाचा धोका आढळला होता. प्रोसेसरवरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. चार किमतींना संरक्षण देण्यात आले. उरलेल्या तिन्ही मर्यादेबाहेर जाणार नाहीत, असे मानले गेले. हीच आज्ञावली एरियन-५ मध्ये आली. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कोरू येथून झालेल्या पहिल्या उड्डाणात त्या तिघींपैकी एक ६४ बिटांची किंमत १६ बिटांत मावली नाही. अपवाद उद्भवला आणि ठरल्याप्रमाणे आधी राखीव व पाठोपाठ मुख्य दिशादर्शक संगणक बंद पडला. सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण आणि त्यातील क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह नष्ट झाले. ज्या गणनेत हे घडले, तिची उड्डाणानंतर काहीच गरज नव्हती.