न दिसणाऱ्या अपंगत्वाची मोजपट्टी

१९९९ सालची गोष्ट. तमिळनाडूतील एका जिल्ह्यात मी उपजिल्हाधिकारी होतो. तेथे दर सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकांची गाऱ्हाणी ऐकली जातात. आपल्या महाराष्ट्रातील लोकशाही दिनासारखाच हा प्रकार. अशाच एका सोमवारी एक वृद्धा आपल्या तिशीतल्या मुलाला घेऊन आली. मुलाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता होती. तिला अपंगत्वाचा दाखला हवा होता. वैद्यकीय मंडळाने ‘हातपाय शाबूत, दृष्टी उत्तम’ असा शेरा मारून अर्ज परत केला होता. माझी तमिळ तेव्हा मोडकीतोडकीच होती, पण तिचे एक वाक्य मला नीट कळले : “अय्या, माझ्यामागे याला कोण?”

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मनोविकाराचा स्पष्ट समावेश होता. परंतु सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागे, आणि मनाच्या आजाराचे टक्के कसे काढावेत याविषयी शासनाची मार्गदर्शक सूचनाच निघालेली नव्हती. मी अर्ज दप्तरी दाखल केला.

पुढे चेन्नईतील ‘स्कार्फ’ या संस्थेचा इतिहास वाचताना मला जे कळले, त्याने मी ओशाळलो. ज्या मोजपट्टीवाचून माझा अर्ज अडला होता, तिची पूर्वतयारी त्याच राज्याच्या राजधानीत कधीच होऊन गेली होती.

या संस्थेची मुळे सरकारी नोकरीत आहेत. संस्थापिका डॉ. एम. शारदा मेनन या भारतातील पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ मानल्या जातात. १७९४ साली उगम पावलेल्या मद्रासच्या मनोरुग्णालयाच्या त्या १९६१ पासून १९७८ पर्यंत अधीक्षक होत्या. ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट, १९१२’ चा तो अंमल. रुग्ण बरा होऊन बाहेर पडला, तरी घरी त्याचे पुढे काय झाले हे पाहण्याची जबाबदारी त्या व्यवस्थेत कोणाचीच नव्हती. निवृत्तीनंतर, १९८४ साली, त्यांनी काही सहकारी व हितचिंतकांसह ही ना-नफा संस्था उभारली. (निवृत्त अधिकाऱ्यांनी आठवणी लिहिण्याऐवजी असे काही केले तर! प्रस्तुत लेखकासह.)

उपचारांबरोबर या संस्थेने आणखी एक काम केले : नोंद ठेवली. मद्रासमध्ये १९८१ साली प्रथमच आजारी पडलेल्या ९० रुग्णांचा अभ्यास सुरू झाला होता. संस्थेच्या डॉ. आर. थारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रुग्णांचा माग २० वर्षे सोडला नाही, आणि अखेरीसही त्यांतील ६१ जण त्यांना गाठता आले. ज्याने एखादी शासकीय योजना तीन वर्षांनंतर तपासून पाहिली असेल, त्यालाच या आकड्याचे मोल कळेल. १९८८ साली थारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक अपंगत्व मोजण्याचे एक साधन भारतीय रुग्णांसाठी बेतून प्रसिद्ध केले. रुग्ण स्वतःची काळजी घेतो का, माणसांत मिसळतो का, काम करू शकतो का, असे साधे प्रश्न त्यामागे होते. कायदा सात वर्षांनी आला. केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे तर २००२ साली आली, आणि त्यांत इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या पुनर्वसन समितीने तयार केलेली ‘आयडियाज’ ही मोजपट्टी स्वीकारली गेली.

त्याआधीच्या वर्षी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. तेही ‘खाजगी’च होते. आपल्या फायलींत मात्र खाजगी म्हणजे एकच रकाना असतो.

२०१० पासून स्कार्फने पुदुकोट्टै जिल्ह्यात एक बस फिरवली. रुग्ण बसमध्ये, डॉक्टर पडद्यावर चेन्नईत, आणि औषध तेथल्या तेथे विनामूल्य. पुढे गोव्यातील संगात व साताऱ्यातील परिवर्तन या संस्थांसह तिने प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांकरवी घरोघरी आधार देण्याचा प्रयोग २८२ रुग्णांवर तपासला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले.

२००२ चे ते परिपत्रक माझ्या टेबलावर आले तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. जुन्या कार्यालयाला पत्र लिहून तो अर्ज शोधावयास सांगितले. तीन महिन्यांनी उत्तर आले : दप्तर निर्लेखित झाले आहे, अर्जदाराचे नाव कळवावे. नाव मला आठवत नव्हते.