वऱ्हाडचा कापूस आणि सरकारचा हात

अकोल्याच्या जुन्या शहरात असदगडाच्या बुरुजाशी उभे राहिले, की खाली मोर्णा दिसते. अलीकडे राजराजेश्वराचे देऊळ, अरुंद बोळ आणि जुनी वस्ती. पलीकडे ताजनापेठ आणि रेल्वेचे स्टेशन. नदी लहानशीच. पण वऱ्हाडचा गेल्या दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास या दोन तीरांच्या मधून वाहत गेला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. नवा उद्योग काढणाऱ्याला सरकारने हात कसा द्यावा, याची चर्चा हल्ली पुष्कळ चालते. ती करणाऱ्यांनी घटकाभर येथे येऊन उभे राहावे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर आमच्या काळ्या जमिनीवर खिळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. सरकारने कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला. रिव्हेट-कार्नॅक हे त्याचे नाव. विलायती कापड स्वस्तात आत आले म्हणजे येथील कोष्टी माग सोडतील आणि ते हात कापसाच्या शेतीला मिळतील, अशी आशा या गृहस्थाने सरकारी अहवालात मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. सरकारला धोरण नव्हते, असे कोण म्हणेल? धोरण होते आणि ते नेटाने अमलात आले. मात्र त्याचे तोंड मँचेस्टरकडे होते.

याच सरकारने एक गोष्ट चांगली केली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला तो पहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच झाला. दलालाला आणि मापाऱ्याला परवाना लागू लागला. परंतु बाजार समितीत बसले ते व्यापारी. कापूस पिकवणाऱ्याला तेथे जागा नव्हती. १९२८ साली शाही शेती आयोगाने या उणिवेवर बोट ठेवले.

आता दुसरी बाजू पाहा. १८९६ साली देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवण्यात आला, तो विलायती मालाला स्पर्धा जड जाऊ नये म्हणून. तो १९२६ साली उठला. म्हणजे तीस वर्षे असे चालले, की कापसाची गाठ बाहेर जाण्यासाठी रस्ता सरकारचा, आणि त्याच कापसाचे कापड येथे विणू पाहणाऱ्याच्या पाठीवर ओझेही सरकारचे. तरीही अकोल्यात गिरण्या निघाल्या. सावतराम रामप्रसाद मिलचे नाव अकोलेकरांना सांगावे लागत नाही. पण ज्याच्या गाठीला व्यापाराचा पैसा, त्यालाच हे साहस झेपले. नुसते कसब असलेल्याला सावकाराच्या ओट्यावाचून दुसरा आधार नव्हता.

मग सरकारने करायचे तरी काय? याचे उत्तर त्याच काळात सातारा जिल्ह्याच्या बाजूला, औंध नावाच्या एका चिमुकल्या संस्थानात मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागला. नांगर लोखंडाचा असला तर जमीन नासते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती, गिऱ्हाईक जेमतेम. अशा माणसाला औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर माळजमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

औंधचा खजिना तो केवढा! वऱ्हाडच्या महसुलापुढे तो कोठेच नव्हता. फरक खजिन्याचा नव्हता. एका सरकारने जमिनीतून काय बाहेर काढता येईल हे पाहिले. दुसऱ्याने आपल्या माळावर काय उभे राहील हे पाहिले. जागा, थोडे भांडवल, अडचणीच्या वेळी कच्चा माल आणि माल खपेपर्यंतचा धीर, एवढेच नव्या उद्योगाला हवे असते. त्यांपैकी धीर सर्वांत महाग, कारण तो अंदाजपत्रकात मांडता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि जागेचा प्रश्न पुष्कळसा सुटला. २०१६ मध्ये केंद्राने ‘स्टार्टअप इंडिया’ ही योजना जाहीर केली. २०१८ मध्ये महाराष्ट्रानेही आपले धोरण आखले. हेतू चांगलाच आहे. परंतु कोणत्याही धोरणाला एक प्रश्न जुन्या शहरातून विचारावासा वाटतो. तुमच्या योजनेने मोर्णेकाठच्या पोराच्या हाताला यंत्र मिळणार आहे, की त्याचा कापूस नेणारी गाडी तेवढी अधिक वेगाने धावणार आहे?

गाडीचा वेग वऱ्हाडाने पाहिला आहे. गाठी गेल्या, पैसा आला, पैसाही गेला. माग मात्र थांबले ते थांबलेच.