पहिला क्रमांक एका खोलीचा

सीसीआयई ही परीक्षा पास झाली की तुम्हाला एक क्रमांक मिळतो आणि तो आयुष्यभर तुमचाच राहतो. गंमत म्हणजे हे क्रमांक एकपासून सुरू होत नाहीत. सिस्कोने १९९३ मध्ये ही परीक्षा सुरू केली, तेव्हा १०२४ हा पहिला आकडा दिला तो परीक्षेच्या लॅबला. परीक्षा रचणारे स्टुअर्ट बिग्ज १०२५ झाले आणि कंपनीबाहेरून येऊन पास होणारे पहिले, टेरी स्लॅटरी, १०२६.

म्हणजे खोली आधी, माणसं नंतर. त्या खोलीत मी एकदा नापास झाले आहे, म्हणून हा क्रम मला फार खरा वाटतो.

सुरुवातीला ही लॅब दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी राउटर आणि स्विच जोडून कागदावरचं नेटवर्क प्रत्यक्षात उभं करायचं. पुरेसे गुण पडले तरच दुसऱ्या दिवशी आत प्रवेश. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी बांधकाम. मग उमेदवार जेवायला गेला की परीक्षक त्याच्या चालत्या नेटवर्कमध्ये मुद्दाम बिघाड करून ठेवायचा. परत येऊन ते शोधायचे आणि दुरुस्त करायचे. स्वतःच बांधलेलं घर, पण आता कुठला नळ गळतोय ते माहीत नाही!

ऑक्टोबर २००१ पासून परीक्षा एका दिवसाची, आठ तासांची झाली. एका टेबलावर रोज नवा उमेदवार बसू लागला, पण बिघाड शोधण्याचा तो स्वतंत्र भाग गेला. २००९ मध्ये राउटिंग-स्विचिंगच्या परीक्षेत तो दोन तासांचा भाग होऊन परत आला. मला त्याचं नवल वाटत नाही. बांधकाम घोकता येतं. कमांड पाठ करून बोटं पळवता येतात. बिघाड घोकता येत नाही, तो समजावाच लागतो.

तयारीचाही एक इतिहास आहे. आधीचे लोक जुने राउटर विकत घेऊन घरात त्यांची चळत रचायचे. २००५ मध्ये क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स लिहिलं आणि सिस्कोचा राउटर साध्या कॉम्प्युटरच्या पोटात चालू लागला. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माझ्यासारखीला ही वाट त्यामुळेच उघडली.

परीक्षेत काय विचारलं ते सांगायचं नसतं, तशी सही आपण दिलेली असते. माझं काय चुकलं ते मात्र सांगू शकते. आताच्या परीक्षेत तीन तास डिझाइनचे आणि पाच तास प्रत्यक्ष कामाचे. त्या पाच तासांत एक गोष्ट चालेना, तर मी दिसेल ती कमांड बदलत गेले. शेवटी मूळ बिघाड कुठला आणि मी केलेला कुठला, हेच कळेना.

घरी आल्यावर मला ती जुनी जेवणाची सुट्टी आठवली. एका मैत्रिणीने चाळीस बिघाडांच्या चाळीस छोट्या फायली लिहून दिल्या. मी जेवायला उठले की बाबा त्यातली एक मनाने निवडून चालवायचे. बाबा आयटीआय झालेले फिटर. राउटर म्हणजे काय हे त्यांना आजही धड सांगता येणार नाही.

पहिल्याच दिवशी दोन राउटरमधलं ओएसपीएफ अर्ध्यात अडकलं. एकमेकांना ओळखत होते, पण पुढे सरकेनात. माझी बोटं पळायला लागली.

"काय शोधतेयस?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही बाबा, बदलून बघतेय."

"आमच्या ट्रेड टेस्टला एका पट्टीत दुसरी पट्टी बसवायची असायची. बसली नाही की पोरं लगेच कानस घ्यायची. घासलं की संपलं, लोखंड परत येत नाही. आधी जॉब उजेडासमोर धरायचा. फट कुठे दिसते ते बघायचं. मग कानस."

मी कीबोर्डवरून हात काढले. दोन्ही बाजूंची माहिती शेजारी शेजारी ठेवून नुसती वाचली. एका बाजूला एमटीयू १५००, दुसऱ्या बाजूला १४००. मोठं पाकीट लहान दारातून जात नव्हतं. एका ओळीचं काम होतं.

त्या दिवसापासून वहीत बिघाडाचं नाव लिहिल्याशिवाय मी एकही कमांड बदलत नाही. चाळीसपैकी एकतीस फायली झाल्या आहेत. सहा बिघाड मला अजूनही वेळेत सापडलेले नाहीत, ते पुन्हा करायचे आहेत.

पुढच्या महिन्यात माझी दुसरी खेप आहे. बाबांना तारीख सांगितली, तर त्यांनी एवढंच विचारलं, "मधे जेवायला सोडतात ना?"