बारशाआधीची बाळे



बडोद्यातील मराठी शाळेच्या व्यासपीठावरून एका निवृत्त मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा बखरींवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज नवजात बालकांच्या आरोग्याचा इतिहास हा विषय निवडला आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही. परंतु या विषयावरील वैद्यकीय संशोधनाची हकीकत वाचताना माझ्या असे ध्यानात आले, की हा इतिहास औषधांचा जेवढा आहे, तेवढाच तो नोंदीचा आहे. ज्या बाळाची नोंद नाही, त्याच्या मृत्यूचे कारण कोणी शोधत नाही. आणि नोंद हा भाषेचा प्रांत असल्यामुळे मला त्यात थोडेफार बोलण्याचा अधिकार पोहोचतो, असे मी मानतो.

आपल्या घरांतील रीतीपासून आरंभ करू. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी पाचवी पुजतात. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहिते, अशी समजूत असल्यामुळे पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत दिवा विझू देत नाहीत. घरातील बायका जागतात. बाराव्या दिवशी बारसे होते, आणि मग बाळाला नाव मिळते. त्याआधी ते नुसते ‘बाळ’ असते. नामकरणापूर्वी गेलेल्या बाळाचे अशौच धर्मशास्त्राने अगदी अल्प मानले आहे. त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. वंशावळीत त्याला जागा नसते. पाचवीचा तो कागद कोराच राहतो.

यात कोणी निष्ठुर होते असे मला सुचवायचे नाही. जिथे निम्मी-शिम्मी मुले हाती लागत नसत, तिथे मन लवकर गुंतू न देण्याची ती एक तजवीज असावी. माझ्या आईला कोणी मुले किती असे विचारले, तर ती ‘चार’ म्हणे. थोरली आत्या मात्र ‘सहा’ म्हणत असे. मधली दोन बारशाच्या आत गेली होती. घरातल्या घरात दोन बायकांची गणना अशी वेगळी पडत होती, आणि सरकारदरबारी तर त्या दोघांचा मागमूसही नव्हता. जिवंत राहिलेल्यांची तरी नोंद कुठे नीट होती? जुन्या शाळांच्या दाखल्यांत १ जून ही जन्मतारीख किती मुलांची आढळते, हे येथील ज्येष्ठ शिक्षकांना सांगायला नको. तारीख ठाऊक नसली की गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घालीत.

अशाच एका बाळाने मराठी समाजाच्या इतिहासाला वळण दिले. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या. ते मूल दहा दिवस जगले. म्हणजे बारशाचा दिवस उजाडण्याआधीच ते गेले. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, या जाणिवेतून आनंदीबाईंचा वैद्यकाकडे ओढा वाढला. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या चरित्रात आपण समुद्रपर्यटनाचे धैर्य वाचतो. मी आज त्या दहा दिवसांकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

पाचवीच्या रात्रीच्या भयात एक अचूक निरीक्षण दडलेले होते. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जी बाळे दगावतात, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात, असे आजचे शास्त्र सांगते. विळ्याने नाळ कापण्याच्या आणि तिला शेण-राख लावण्याच्या चालीमुळे होणारा नवजात धनुर्वात नेमका याच दिवसांच्या आसपास प्रकट होई. दोन दिवस नीट पिणारे बाळ एकाएकी ओढायचे थांबे, त्याचा जबडा आवळला जाई, अंग ताठ होई. घरच्यांना ती सटवीची करणी वाटे. १९८८ साली जगात या एका रोगाने ७ लाख ८७ हजार नवजात बालके मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. गर्भवतीला लस, स्वच्छ हात, स्वच्छ पाते आणि नाळेला काहीही न लावणे, एवढ्या साध्या उपायांनी तो रोग मागे हटला. २०१५ साली भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित करण्यात आले.

परंपरेचे प्रत्येक निरीक्षण असे खरे नव्हते. प्रसूतीनंतरचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकून बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवण्याची चाल घातक होती. त्या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात, म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावे असे आज सांगतात. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत तर आजही कानी पडते. वस्तुतः गर्भात अधिक काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या जगण्याची शक्यता वाढवतो. हे कळले तेही बाळे मोजून, त्यांची वजने घेऊन आणि दिवस लिहून ठेवूनच.

पश्चिमेकडेही हे शास्त्र उशिराच सुरू झाले. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निये यांनी कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रावरून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबेची पेटी करवून घेतली. त्यांचे शिष्य प्येर ब्युदाँ यांच्या लक्षात आले, की पेटीत ठेवलेल्या बाळापासून आई दुरावली तर पुढे तिचे त्याच्यावरून मनच उडते. म्हणून आईला जवळ ठेवण्याचा आणि तिचेच दूध देण्याचा त्यांनी आग्रह धरला. पुढे न्यूयॉर्कमध्ये भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ साली एक तक्ता सुचवला. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया आणि त्वचेचा रंग या पाच बाबींना शून्य ते दोन असे गुण द्यायचे, आणि ते जन्मानंतर पहिल्याच मिनिटाला. नंतर पाचव्या मिनिटालाही गुण देण्याची पद्धत पडली. त्यात औषध नव्हते की यंत्र नव्हते. पण गुण द्यायचे म्हणजे बाळाकडे पाहणे आले, आणि त्यापूर्वी प्रसूतिगृहात सर्वांचे लक्ष आईकडेच असे. कागदावर नोंदीचा एक रकाना आला, आणि निपचित जन्मलेल्या बाळाला श्वास देण्याची धडपड सुरू झाली.

ब्युदाँ यांचा आईविषयीचा आग्रह मात्र मधल्या काळात मागे पडला होता. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी उबेच्या पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. ही तूर्तातूर्त सोय आहे, असे पुष्कळांना वाटले. २०२१ साली घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. एक हजार ते सुमारे अठराशे ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीची ऊब दिली, तेव्हा अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के राहिले; जी बाळे आधी स्थिरस्थावर होण्याची वाट पाहून मग आईकडे दिली, त्यांच्यात ते १५.७ टक्के होते. म्हणजे पेट्या उपलब्ध असतानाही आईची कूस सरस ठरली.

आता आपल्या भाषेच्या प्रदेशाकडे येतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. तेथे बालमृत्यूंचे कारण शोधताना आईला तिच्या शब्दांत विचारावे लागे. पोट आत ओढून धापा टाकणाऱ्या तान्ह्याला ‘डबा’ झाला असे म्हणतात. तो शब्द अडाणी म्हणून बाजूला सारला असता, तर न्यूमोनियाचे कित्येक मृत्यू निनावी राहिले असते. दाईला मोठे आकडे मोजता येत नसत. म्हणून तिच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला उपचार हवा.

पुढे १९९५-९६ मध्ये एकोणचाळीस गावांत ७६३ नवजात बालकांचे घरोघरी जाऊन निरीक्षण झाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि ती फारच थोड्यांच्या वाट्याला आली होती. मग गावातीलच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना शिक्षण देण्यात आले. त्यांनी बाळाचे वजन घ्यावे, त्याला ऊब द्यावी, गुदमरलेल्याला श्वास द्यावा, जंतुदोषाची लक्षणे ओळखावीत, आणि रुग्णालयात नेणे शक्य नसेल तेथे प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यावे, अशी ही योजना होती. शिक्षित डॉक्टरांपैकी अनेकांना हे धाडस वाटले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सत्तेचाळीस तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांची घट झाली होती. २०११ साली भारत सरकारने हीच घरपोच सेवेची पद्धत ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी येते. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. पाचवी आणि बारसे यांच्या मधला सातवा दिवस तिच्या वहीत आला आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

२००१ साली महाराष्ट्रातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी बालमृत्यूंचा जो अहवाल काढला, त्याला त्यांनी ‘कोवळी पानगळ’ असे नाव दिले. प्रत्यक्ष मृत्यू सरकारी नोंदींपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे त्यातून दिसले. भाषेचा अभ्यासक म्हणून मी त्या दोन शब्दांपाशी थांबतो. पानगळ हा पिकल्या पानांचा धर्म. कोवळ्या पानांची गळ ही निसर्गाची रीत नव्हे. ‘बालमृत्युदर’ या शब्दाने जे साधले नव्हते, ते या नावाने साधले. या मृत्यूंना आपण दैव म्हणत होतो, ती समजूत त्या नावाने मोडली.

आकडे सुधारले आहेत, हे आनंदाने सांगितले पाहिजे. नमुना नोंदणीनुसार १९७१ साली भारतात दर हजार जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० साली ती संख्या २८ होती. परंतु त्या २८ पैकी २० नवजात होती. मोठ्या बालकांना लसीने, क्षारसंजीवनीने आणि औषधांनी वाचवता आले. पहिला महिना मागे राहिला. जगातही २०२२ साली पाच वर्षांखालील जी ४९ लाख मुले गेली, त्यांपैकी २३ लाख पहिल्या महिन्यातली होती.

येथे कुमारवयाचा प्रश्न येतो, आणि तो शाळेच्या दारातलाच आहे. बाळाचे आरोग्य त्याच्या जन्माच्या पुष्कळ आधी, त्याची आई शाळेत असते तेव्हाच घडू लागते. कमी वयाच्या मातांची बाळे कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची असण्याचा धोका अधिक असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात लोह-रक्तद्रव्य कमी आढळले, आणि वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २३ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. १९७९ साली जॉन कॅल्डवेल यांनी नायजेरियातील पाहणीवरून दाखवून दिले, की आईचे शिक्षण हे मुलाच्या जगण्याचे फार मोठे कारण आहे.

बडोद्याला हे नवे नसावे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संस्थानभर लागू केला. त्यांत मुलीही होत्या. १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदाही येथे झाला. महाराजांच्या नजरेपुढे नवजात मृत्यूंचे तक्ते असतील, असे मी म्हणत नाही. परंतु पाटी घेऊन शाळेत बसलेली मुलगी आणि तिच्या पोटी पुढे जगलेले बाळ यांचा जो संबंध शास्त्राने नंतर आकड्यांनी मांडला, त्याची पायाभरणी या भूमीत झालेली होती.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी दोन विनंत्या करतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने नाव ठरलेले नसतानाही बाळाचा जन्म नोंदवता येतो. नाव मागाहून घालता येते. आपल्या घरी, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या घरी, बांधकामावरच्या मजुराच्या पालावर मूल जन्मले, तर बारशाची वाट न पाहता ती नोंद करवून द्या; आणि दुर्दैवाने ते गेले, तर तीही नोंद टाळू नका. दुसरी विनंती या शाळेसंबंधी आहे. आठवी-नववीतली एखादी मुलगी एकाएकी यायची थांबली, तर हजेरीपटावर नुसती गैरहजेरी मांडून थांबू नये. तिच्या घरी कोणीतरी जावे.