काजू फोडणारे हात : कोल्लमच्या काजू उद्योगातील त्वचाविकार आणि मजुरीपद्धती – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय औद्योगिक इतिहासाच्या लेखनात भांडवल, यंत्र, बाजारपेठ आणि संप या घटकांची चर्चा विस्ताराने झाली आहे. कामगाराच्या शरीराचा विचार मात्र प्रामुख्याने अपघात आणि फुप्फुसांचे विकार यांच्या संदर्भात झालेला दिसतो. हाताच्या त्वचेला सुटणारी कंड, उठणारे फोड, पडणाऱ्या भेगा आणि निघणारी सालपटे यांनी सहसा कोणी दगावत नाही. म्हणून हा विकार किरकोळ मानला जातो. परंतु ज्यांचे पोट हातावर आहे त्यांच्या दृष्टीने तो किरकोळ नसतो. याच हाताने काम करायचे असते, स्वयंपाक करायचा असतो, मूल न्हाऊ घालायचे असते आणि जेवायचेही असते.

कारागिराचा व्यवसाय आणि त्याचा रोग यांचा संबंध बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात पद्धतशीरपणे मांडला. रुग्णाला त्याचा व्यवसाय कोणता हे विचारावे, असा त्याचा आग्रह होता. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न केरळमधील कोल्लम परिसरातील काजू कामगार स्त्रियांच्या संदर्भात विचारला आहे. विकाराचे कारण ठाऊक होते, बचावाचे साधे उपायही ठाऊक होते. तरीही हा विकार पिढ्यान्‌पिढ्या का टिकला, याचा शोध घेणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे. या प्रश्नाचे उत्तर वैद्यकापेक्षा मजुरीच्या पद्धतीत अधिक सापडते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बिब्बा आणि काजू : दाहक तेलाचे पूर्वज्ञान

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. ‘काजू’ हा शब्दही ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत मराठीत आला. क्रिस्तोव्हाँव द कोश्ता या पोर्तुगीज वैद्याने १५७८ च्या आपल्या ग्रंथात कोचीन येथील काजूच्या झाडांची नोंद केली आहे. मात्र काजूच्या टरफलात जे दाहक तेल असते, त्याच्या जातीचे तेल या भूमीला अपरिचित नव्हते. काजूच्याच कुळातील बिब्बा येथे प्राचीन काळापासून वापरात होता. गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादग्रंथात बिब्ब्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनप्रकरणी भल्लातकाचे, म्हणजे बिब्ब्याचे, अनेक कल्प सांगितले असून ते अग्नीसारखे तीक्ष्ण असल्याचे बजावले आहे. औषधनिर्मितीच्या परंपरेत बिब्बे विटेच्या भुकटीत घोळून व चोळून त्यांचे तेल शोषून घेण्याची शोधनपद्धती रूढ आहे. ‘बिब्बा उतणे’ हा मराठी वाक्प्रयोग तर या विकाराचे लोकपरंपरेतील निदानच होय. बिब्ब्याचा स्पर्श काहींना बाधत नाही आणि काहींच्या अंगावर तो उतून येतो, हे निरीक्षण त्या शब्दात साठवलेले आहे.

आधुनिक विज्ञानाने या अनुभवाचे स्पष्टीकरण दिले. काजूच्या बीचे टरफल दुपदरी असून मधल्या भागात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना असते. तिच्यात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही मुख्य द्रव्ये असलेले तेल साठलेले असते. टरफलाच्या वजनात या तेलाचे प्रमाण साधारणतः पंधरा ते तीस टक्के असते. या तेलाचा परिणाम दुहेरी आहे. ते त्वचेला थेट भाजते, त्यामुळे हात काळे पडतात व साल निघते. आणि काही व्यक्तींमध्ये ते अधिहर्षताही निर्माण करते, त्यामुळे पुढे अत्यल्प स्पर्शानेही कंड सुटून फोड येतात. याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ मध्ये त्वचेवर पट्टी लावून केलेल्या चाचणीची पद्धत मांडली. तिच्यामुळे या दोन प्रकारांतील भेद तपासणे शक्य झाले. म्हणजे कोल्लमचा उद्योग उभा राहण्यापूर्वीच लोकानुभव आणि वैद्यक या दोन्ही अंगांनी अशा विकाराचे ज्ञान उपलब्ध होते.

कोल्लमचा कारखाना आणि कामाची विभागणी

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत त्रावणकोर संस्थानातील कोल्लम येथे काजू प्रक्रियेचा उद्योग वाढीस लागला. अमेरिकेची बाजारपेठ, पूर्व आफ्रिकेतून आयात होणारे कच्चे काजू आणि स्वस्त मनुष्यबळ या तीन आधारांवर तो उभा होता. पुढील काही दशकांत कामगारांची संख्या लाखाच्या घरात गेली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक होते.

प्रक्रियेचे टप्पे ठरलेले होते. प्रथम बी भाजली जाई. फिरत्या पिंपात भाजताना टरफलातील बरेचसे तेल बाहेर पडून जळे आणि टरफल ठिसूळ होई. मग भाजलेल्या बिया राखेत घोळून उरलेले तेल काही प्रमाणात शोषून घेतले जाई. त्यानंतर जमिनीवर बसलेल्या स्त्रिया एकेक बी दगडावर धरून लाकडी ठोकणीने फोडत आणि अखंड गर बाहेर काढत. पुढे गर वाळवून त्यावरील पातळ साल काढणे आणि शेवटी प्रतवारी करणे, ही कामे होत.

या विभागणीला लिंगाइतकेच जातीचेही परिमाण होते. अॅना लिंडबर्ग यांनी केरळच्या काजू कामगारांच्या १९३० ते २००० या कालखंडातील इतिहासाचा जो विस्तृत अभ्यास केला, त्यातून ही बाब स्पष्ट होते. भाजण्याचे काम पुरुषांकडे होते. टरफल फोडण्याचे काम प्रामुख्याने पुलय, कुरव इत्यादी दलित जातींतील स्त्रियांकडे होते, तर साल काढणे व प्रतवारी या तुलनेने स्वच्छ कामांत एळवा, नायर आणि ख्रिस्ती स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. तेलाशी प्रत्यक्ष संबंध येणारा टप्पा आणि सामाजिक उतरंडीतील सर्वांत खालचा स्तर एकत्र येणे हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. काळवंडलेला हात हा कामाचा परिणाम होता. त्याचबरोबर ती स्त्री कोणत्या विभागात बसते, आणि पर्यायाने कोणत्या समाजातून येते, हे सांगणारी ती खूणही होती.

मजुरीचे माप आणि हाताचे संरक्षण

हाताच्या रक्षणाचे उपाय कामगार स्त्रियांना ठाऊक होते. बी राखेत पुन्हापुन्हा घोळणे, बोटांना राख चोळणे, काम सुरू करण्यापूर्वी हातांना खोबरेल किंवा एरंडेल तेल लावणे, हे उपाय काजू प्रक्रियेत सर्वत्र आढळतात. बिब्ब्याच्या शोधनातील विटेची भुकटी आणि कारखान्यातील राख यांमागील तत्त्व एकच आहे : दाहक तेल त्वचेपर्यंत पोचण्यापूर्वी कोरड्या पदार्थात शोषून घेणे. तेव्हा हा विकार अज्ञानामुळे टिकला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

खरी अडचण मजुरीच्या मापात होती. टरफल फोडणाऱ्या स्त्रियांना दिवसाप्रमाणे नव्हे, तर काढलेल्या गराच्या वजनाप्रमाणे मजुरी मिळे. त्यातही अखंड गराला महत्त्व होते; तुकडा पडला की त्याचे मोल कमी होई. काजूचा गर दोन दळांचा असतो आणि ठोकणीचा जोर किंचित चुकला तरी तो दुभंगतो. किती जोर लावायचा हे बोटांच्या स्पर्शावरूनच समजते. जाड हातमोजा घातला की हा स्पर्श हरपतो, वेग मंदावतो आणि तुकड्यांचे प्रमाण वाढते. तेल लावण्यासाठी, राख बदलण्यासाठी किंवा हात धुण्यासाठी उठणे म्हणजे तेवढ्या वेळात निघू शकणारा गर गमावणे होय. अशा रीतीने संरक्षणाचा प्रत्येक उपाय त्या स्त्रीच्याच मजुरीतून वजा होत होता. राख फुकट होती. ती वापरण्यास लागणारा वेळ मात्र फुकट नव्हता.

याउलट भाजणीच्या कामावरील पुरुषांना वेळेवर आधारित वेतन मिळे. त्यांनाही धुराचा व उष्णतेचा त्रास होता. परंतु क्षणभर थांबल्याने त्यांच्या वेतनात लगेच घट होत नसे. एकाच छपराखाली दोन प्रकारची वेतनपद्धती असल्याने शरीराची काळजी घेण्याची मुभाही विषम राहिली.

काम मिळण्याची अनिश्चितता हा आणखी एक मुद्दा. कच्च्या मालाचा मोठा भाग आफ्रिकेतून येत असल्याने आयात घटली की कारखाने बंद राहत. १९७० च्या दशकात आफ्रिकी देशांत स्थानिक प्रक्रिया सुरू झाली व पुरवठा कमी झाला, तेव्हा कामाचे दिवस लक्षणीयरीत्या घटले. स्पर्शजन्य त्वचादाह बरा होण्यासाठी सर्वांत आवश्यक गोष्ट म्हणजे स्पर्श थांबणे. या स्त्रियांच्या बाबतीत तो थांबे तो कारखाना बंद पडल्यावरच. हात भरून येण्याचे दिवस आणि घरात मजुरी न येण्याचे दिवस हे एकच होते.

कायद्याची चौकट आणि तिच्या मर्यादा

कारखाने अधिनियम, १९४८ नुसार काही व्यवसायजन्य रोग सूचनीय ठरवण्यात आले होते. असा रोग आढळल्यास कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टराने शासनाच्या संबंधित अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक होते. या अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात पुढे रसायने व रंग यांच्या थेट संपर्काने होणाऱ्या त्वचादाहाचाही समावेश झाला. तथापि, ही शब्दरचना रासायनिक कारखाना डोळ्यांपुढे ठेवून केलेली दिसते. शेतमालातून स्रवणारे तेल तिच्या वाचनाने सहज आठवणारे नाही. शिवाय सूचना तेव्हाच जाते जेव्हा कामगार डॉक्टरपर्यंत पोचतो. आणि ज्या स्थितीला सर्वजण कामाचा स्वाभाविक भाग मानतात, त्या स्थितीसाठी एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखाना गाठणारे थोडेच.

कायद्याला बगल देण्याचा मार्गही उपलब्ध होता. काजू घरोघरी वाटून तेथेच भाजून-फोडून घेण्याच्या पद्धतीला केरळमध्ये ‘कुडिवरप्पु’ म्हणत. घर हा कारखाना नसल्याने किमान वेतन, कामाचे तास आणि आरोग्यविषयक तरतुदी यांपैकी काहीच तेथे लागू पडत नसे. या पद्धतीत दाहक तेल कारखान्याच्या भिंतीबाहेर पडून चुलीपर्यंत व मुलांच्या हातांपर्यंत पोचले. कामगार संघटनांचा दबाव आणि वेतनदर वाढू लागल्यावर अनेक मालकांनी आपला व्यवसाय लगतच्या तमिळ प्रदेशात हलवला. रोजगार टिकवण्यासाठी केरळ शासनाने १९६९ मध्ये राज्य काजू विकास महामंडळ स्थापन केले. संघटनांच्या लढ्यामुळे बोनस, भविष्यनिर्वाह निधी आदी लाभ मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु रोजगार आणि वेतनदर यांची निकड एवढी मोठी होती की हाताच्या त्वचेचा प्रश्न मागण्यांच्या यादीत अग्रस्थानी येऊ शकला नाही.

नोंद कोणाच्या त्वचेची?

याच कुळातील तेलांमुळे झालेल्या त्वचादाहाच्या दोन नोंदी येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या त्वचेवर खाज आणणारे फोड उठू लागले. परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने जी खूण करतात तीच याचे कारण असल्याचे १९४३ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुसरी घटना एप्रिल १९८२ मधील. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मोझांबिकहून आयात केलेले काजू खाल्ल्यानंतर ५४ जणांना त्वचादाह झाला. पाकिटांत टरफलाचे तुकडे राहिले होते, असे तपासात आढळले आणि त्याचा अहवाल तेथील रोगनियंत्रण केंद्राने १९८३ मध्ये प्रसिद्ध केला.

दोन्ही तपास योग्य आणि शास्त्रशुद्ध होते. तथापि दोहोंच्या केंद्रस्थानी कपडा वापरणारा आणि काजू खाणारा आहे. खूण करणाऱ्या परटाची बोटे आणि टरफल फोडणाऱ्या स्त्रीचा तळवा त्या चौकशीच्या कक्षेबाहेर राहिले. ग्राहकाच्या बाबतीत त्वचादाह ही घटना ठरते, म्हणून तिला तारीख व संख्या मिळते. कामगाराच्या बाबतीत तो रोजचा असतो, आणि जे रोजचे असते ते दप्तरात चढत नाही. आकडेवारीचा अभाव म्हणजे विकाराचा अभाव, असा अर्थ इतिहासाच्या अभ्यासकाने काढता कामा नये.

कोकणातील प्रक्रियेचा संदर्भ

हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा-चंदगड या भागांत काजू प्रक्रिया हे ग्रामीण स्त्रियांच्या रोजगाराचे महत्त्वाचे साधन आहे. येथे बी वाफेवर उकडून हातापायाने चालणाऱ्या यंत्रावर कापण्याची पद्धत रूढ आहे. ती भाजणीच्या धुरापासून सुटका करते, हा तिचा मोठा गुण. परंतु वाफेवर उकडताना तेल जळून जात नाही. ते बव्हंशी टरफलातच राहते व कापताना बोटांना लागते. म्हणजे तंत्र बदलले तरी हात आणि तेल यांचा संबंध तुटला नाही. येथे हातमोजे पुरवले की प्रश्न सुटला, असे समजणे कोल्लमचा अनुभव पाहता अपुरे ठरेल. ते वापरल्याने कमी होणारी मजुरी कोण सोसणार, हे आधी ठरावे लागेल.

निष्कर्ष

१. काजूच्या तेलाने होणारा त्वचादाह अज्ञानामुळे टिकला नाही. बिब्ब्याच्या परंपरेतून आलेले ज्ञान आणि आधुनिक वैद्यक या दोहोंना त्याचे कारण व निवारण अवगत होते.

२. वजनावर आधारित मजुरीने संरक्षणाचा खर्च कामगार स्त्रीवर टाकला. त्यामुळे बोटांचे रक्षण आणि दिवसाची कमाई यांत तिला रोज निवड करावी लागली.

३. जात व लिंग यांवर आधारलेल्या श्रमविभागणीमुळे हा धोका विशिष्ट समूहापुरता सीमित राहिला आणि म्हणूनच दुर्लक्षितही राहिला.

४. औपचारिक नोंदी ग्राहकाच्या त्वचेविषयी बोलतात, कामगाराच्या त्वचेविषयी क्वचितच. ही उणीव भरून काढण्यासाठी कामगार स्त्रियांच्या मौखिक इतिहासाचे संकलन आवश्यक आहे. कोल्लमच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या आठवणी वेळीच नोंदवल्या गेल्या नाहीत, तर या इतिहासाचे सर्वांत विश्वसनीय साधन हातचे जाईल.