शेअर रिक्षेतील संभाषण आणि एका शहराचे नाव

शहराचा इतिहास लिहिताना आपण सनदा, राजपत्रे आणि फार तर वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळतो. रिक्षाचालक आणि प्रवासी यांच्यातील बोलणे साधनांत धरण्याची रीत नाही. ते कोठे नोंदले जात नाही आणि उतारू उतरला की संपते. तरीही मुकुंदवाडी ते बाबा पेट्रोल पंप हा जालना रस्त्यावरचा प्रवास वर्षानुवर्षे शेअर रिक्षेने केल्यावर आमचे मत असे झाले आहे की, या शहराच्या नावाचा वाद सामान्य माणसाने कसा निभावला हे पाहायचे तर कान याच बोलण्याकडे लावावा लागेल.

मुकुंदवाडी मुळात गाव. एका बाजूला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, दुसऱ्या बाजूला सत्तरच्या दशकात सिडकोने नवे शहर आखायला घेतले, १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली आणि गाव शहरात विरघळले. मनमाड-काचीगुडा लोहमार्गावर त्याच्या नावाचे लहानसे स्थानक आहे. वस्ती मुख्यतः मराठवाड्यातील खेड्यांतून कामासाठी आलेल्यांची. तिला शहरात नेणारी रिक्षा बहुधा याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजच्या बजाज कारखान्यात जन्मलेली असते.

या रिक्षेत पहिला प्रश्न संबोधनाचा. हात दाखवता दाखवता प्रवाशाला ठरवावे लागते : मामा, भाऊ, काका, की चाचा? दाढी, टोपी, काचेवरचे ‘७८६’, ‘जय भीम’ किंवा शिवरायांचे चित्र यांवर नजर फिरते आणि अर्ध्या क्षणात नाते जुळते. चालकाचीही तीच कसरत. ‘मावशी, थोडं सरका, एक सवारी और है’ या एका वाक्यात मराठी कोठे संपली आणि दखनी कोठे सुरू झाली हे सांगणे व्याकरणकाराला जड जाईल. वली आणि सिराज यांच्या गावची ही बोली पाठ्यपुस्तकांत फारशी भेटत नाही. चालकाच्या ‘नक्को’त मात्र ती ठणठणीत आहे.

दुसरी गोष्ट आमच्या उशिरा ध्यानात आली. चालकाची हाळी असते ‘सिडको, सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका, क्रांती चौक!’ दुसऱ्या मार्गावर ‘विद्यापीठ, विद्यापीठ!’ किंवा नुसते ‘स्टेशन!’ यात शहराचे नाव येत नाही. विद्यापीठाचेही येत नाही. ज्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला, त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आणि जे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्ताराच्या रूपाने प्रत्यक्षात आले, त्याचा मागमूसही त्या हाळीत नाही. जेवढ्यावर रक्त सांडले तेवढे नेमके गळलेले असते.

यावर कोणी म्हणेल, हा केवळ उच्चाराचा आळस आहे. हाळी आखूडच असायची. आक्षेप खोटा नाही. महावीर चौकाला सगळे बाबा पेट्रोल पंपच म्हणतात, वसंतराव नाईक चौकाला सिडकोच म्हणतात, आणि त्यांत कसलीही भीती नाही. पण आळसाची हद्द आम्हाला हाळीपुरतीच दिसते. संभाषण रंगल्यावरही ‘आपलं शहर’, ‘इथं’, ‘गावात’ अशी वळणे घेतली जातात, तेव्हा तो आळस राहत नाही. ती सावधगिरी असते. मागे तिघे बसले आहेत आणि तिघांची मते चालकाला ठाऊक नाहीत.

मंटोच्या ‘नया कानून’मधला मंगू टांगेवाला इथे आठवतो. टांग्यात बसलेल्यांच्या गप्पांतून त्याला कळते की १ एप्रिलला नवा कायदा येणार. तो त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवतो, गोऱ्या साहेबाशी भिडतो आणि कोठडीत जातो. आमच्या चालकांना मंगूचा भाबडेपणा परवडला नाही, कारण त्यांनी एकच बातमी अनेकदा ऐकली. १९८८ साली बाळासाहेब ठाकरे यांनी संभाजीनगर हे नाव जाहीर केले. १९९५ साली युती सरकारने निर्णय घेतला. २००१ साली तो मागे घेतला गेला. जून २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा ठराव केला, जुलैत नव्या सरकारने त्यात ‘छत्रपती’ जोडले. आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची संमती आली. पुढच्याच महिन्यात किराडपुऱ्यात दंगल झाली. मलिक अंबरची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, ही जुनी नामावळी इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. पण बदलत्या नावांत रोजची कमाई सांभाळायची कशी, हे त्या नामावळीत सापडत नाही.

या अबोलपणाला सलोखा म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. मौनात दुरावाही मावतो. पण चौथ्या सवारीसाठी सरकून घेणे खरे असते, सुटे पैसे हातोहात पुढे पोचवणे खरे असते.

शहराबाहेर मात्र सुटका नाही. जालन्याच्या किंवा पैठणच्या थांब्यावर काळीपिवळीवाल्याला नाव घ्यावेच लागते. तिथे एकाच चालकाच्या तोंडून समोरचा माणूस पाहून दोन्ही नावे निघालेली आम्ही ऐकली आहेत, आणि दोन्ही वेळा प्रवासी गाडीत बसले.

अ‍ॅपवरून बोलावलेल्या गाडीत हे सगळे बदलते. तिथे ‘कुठं जायचं?’ हा प्रश्नच उरलेला नाही. ठिकाण आधीच पडद्यावर असते, पूर्ण पत्त्यासह आणि शहराच्या नावासह. प्रवाशाला चालकाचे नाव आधीच कळलेले असते आणि चालकाला प्रवाशाचे, त्यामुळे मामा की चाचा याचा अंदाज करावा लागत नाही. संभाषण ओटीपीच्या चार आकड्यांनी सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. परवा मुकुंदवाडी स्थानकापासून अशाच एका गाडीत आम्ही बसलो. आकडे सांगून झाले, फोनमधली बाई शहराचे संपूर्ण सरकारी नाव उच्चारून वळण सांगू लागली. चालकाने आवाज बंद केला आणि आरशातून विचारले, ‘आकाशवाणीवरून घेऊ ना, काका?’