दक्षिण कोकण : भूगोल व राजकीय विभागणी

महाराष्ट्राच्या कोकणपट्टीचे दक्षिण टोक व त्यास लागून असलेला उत्तर गोवा यांचा मिळून बनलेला प्रदेश. पूर्वेस सह्याद्री व पश्चिमेस अरबी समुद्र यांमधील या चिंचोळ्या पट्टीतून वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल इ. नद्या पश्चिमवाहिनी होतात. फोंडा, आंबोली इ. घाटांनी हा मुलूख देशाशी जोडलेला आहे. बोली, कुलदैवते, शरीरसंबंध यांच्या दृष्टीने तो एकच. त्यातील सीमा निसर्गापेक्षा तहांनी व लढायांनी आखल्या.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी व १५४३ मध्ये बारदेश, साष्टी हे महाल घेतले. त्यांच्या उत्तरेस सावंतवाडीकर भोसल्यांची सत्ता होती. तेरेखोल नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर सावंतांनी बांधलेला किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये जिंकला. पुढे कोल्हापूरकरांविरुद्ध मदतीच्या मोबदल्यात सावंतवाडीकरांनी १७८८ मध्ये पेडणे महाल त्यांना दिला व सीमा तेरेखोल नदीवर येऊन ठेपली. किल्ला मात्र नदीपलीकडे असूनही गोव्याकडेच राहिला. आजही तो पेडणे तालुक्यात मोडतो.

इंग्रजांनी १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण व सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले मिळविले आणि १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्ताबरोबर उरलेला किनारा. परिणामी गड नदीकाठचे कणकवली इंग्रजी अंमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात, दक्षिणेचे कुडाळ संस्थानात, तर पेडणे पोर्तुगीज मुलखात, अशी तीन राज्ये थोड्या अंतरात नांदत होती. सावंतवाडीचा कारभार इंग्रजांनी १८३८ मध्ये हाती घेतला. १८४४ च्या बंडातील फोंड सावंत प्रभृतींनी गोव्यात आश्रय घेतला. परक्या सत्तांची ही सीमा बंडखोरांच्या अशी उपयोगी पडली, हे विशेष. कोरियात १९४५ मध्ये ३८° अक्षवृत्तावर ओढलेल्या रेषेप्रमाणे ती प्रारंभी बंदिस्त नव्हती. माणसे व माल दोन्ही बाजूंनी येत-जात.

सावंतवाडी १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाली. गोवा पोर्तुगीजांकडे राहिला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढील वर्षीच्या सत्याग्रहावर गोळीबार झाल्यानंतर भारताने सीमा बंद केली. तीमुळे नदीच्या दोन तीरांवरील नातलगांची झालेली ताटातूट राजकीय इतिहासांत क्वचितच नोंदलेली आढळते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

गोव्याच्या विलीनीकरणाचा प्रश्न १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने सुटला. केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ व महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. भाषिक ऐक्याच्या युक्तिवादापेक्षा कोकणीच्या स्वतंत्र अस्मितेची व महाराष्ट्रात लोपून जाण्याची भीती अधिक प्रभावी ठरली, असे दिसते. महाराष्ट्राच्या बाजूस १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या विभाजनातून सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला व कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले हे तालुके त्यात आले. ३० मे १९८७ रोजी गोव्यास घटक राज्याचा दर्जा मिळाला.